शेपटीचा स्क्रू

रेडिओ बिघडला की माणूस आधी त्याला दोन चापट्या मारतो. मग घरातला कोणी जाणता मागचं झाकण काढून आत बोटं घालतो. त्यानं भागलं नाही की शेजारचा मेव्हणा येतो, आणि सगळे हरले की रेडिओ माझ्याकडे येतो. म्हणजे मूळ आजार एकच, पण औषधोपचारानं झालेले आजार जास्त. पूर्णा स्टेशनच्या बाहेर, टांगे उभे राहायचे त्या कोपऱ्यावर माझं दुकान होतं आणि अख्खी हयात मी हेच निस्तरत बसलो.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. एकाच्या रेडिओत पालीनं संसार मांडलेला, आणि त्याची तक्रार काय, तर बातम्यांच्या वेळी कुणीतरी चुकचुकतं. एक म्हातारे मुन्शीजी होते, निजामाच्या काळात नोकरी केलेले. त्यांना हैदराबाद सोडून दुसरं स्टेशन चालायचं नाही. काटा जरा इकडे-तिकडे झाला की काठी टेकत यायचे, ‘मियाँ, हैदराबाद लगाव, बाकी सब झूट.’ मी काटा सरळ करायचो, ते कान लावून बसायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. पुष्कळदा रेडिओला काहीच झालेलं नसायचं. दुरुस्तीच्या धंद्यात हे लवकर कळतं. वस्तू हे निमित्त असतं, माणूस दुसऱ्याच कशासाठी तरी आलेला असतो.

अवघड काम कोणतं केलंत, असं मला या दिवाळी अंकाच्या संपादकांनी विचारलं. टेपरेकॉर्डर, कर्ण्याचे अँप्लिफायर, लग्नाच्या वरातीत ऐन वेळी बंद पडलेले लाउडस्पीकर, सगळं केलं. पण मनात राहिलंय ते एक हेलिकॉप्टर. खरं नव्हे, रिमोटवर उडणारं. आणि त्याच्याबरोबर ते आणणारी पिंगळीची सोजरमावशी.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. कधी कुठं बंद पुकारला जाईल आणि एस.टी. कुठल्या फाट्यावर अडकून पडेल याचा नेम नव्हता, म्हणून लाइनीवरच्या गावांतली माणसं पॅसेंजरनंच यायची. माझ्या दुकानात बुद्धाची तसबीर होती. ती बघून काही गिऱ्हाइकं रेडिओ फळीवर ठेवून बाहेरच उभी राहायची, काही मुद्दाम आत येऊन बसायची. दोघांचेही रेडिओ मी सारख्याच मन लावून दुरुस्त केले. मावशीनं तसबिरीकडे बघितलं, डोक्यावरची दुरडी खाली ठेवली आणि स्टुलावर बसून पदरानं तोंड पुसलं.

‘रेडिओ तुमीच नीट करताव का?’

‘हो. कुठाय रेडिओ?’

तिनं दुरडीवरचं जुनं धोतर बाजूला केलं. मला वाटलं होतं कोंबड्या असतील. आत मोडलेलं हेलिकॉप्टर होतं. लांबीला हातभर, शेपूट वाकलेली, वरच्या दोन पात्यांतलं एक अर्ध्यात तुटलेलं. असलं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं, पण गिऱ्हाइकासमोर तसं दाखवायचं नसतं. मी चष्मा लावला आणि ‘हं’ म्हणालो.

‘मावशी, हा रेडिओ न्हाई.’

‘ह्याला रेडिओच लागतोय. डब्बा हातात धरायचा, अन् हे वर जातंय.’ तिनं लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला रिमोट काढून माझ्यापुढे ठेवला.

तिचा थोरला मुलगा दिगंबर आखातात एका गॅरेजमध्ये डिझेल फिटर होता. त्याचा गोरा साहेब आपल्या मुलखात परत जाताना आपलं हे खेळणं दिगूला देऊन गेला. सुट्टीवर येताना त्यानं ते आणलं आणि गावच्या खळ्यावर उडवलं. सगळं पिंगळी गोळा झालं. ज्वारीवरची पाखरं जी उठली ती दिवसभर बसली नाहीत, आणि मावशीच्या मते हाच त्या यंत्राचा खरा उपयोग होता. दुसऱ्या दिवशी ते बाभळीत घुसलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी दिगूची परतीची गाडी होती. ‘जाऊ दे आई, भंगारात दे,’ म्हणाला आणि गेला.

‘मग दिलं का न्हाई भंगारात?’ मी विचारलं.

मावशीनं दुरडीतली वाकलेली शेपूट हातानं पुसली. मग म्हणाली, ‘सुट्टीवर येतोय खरा, पर घरात कुठं असतोय? आज परभणी, उद्या औरंगाबाद. ह्याला भेट, त्या एजंटाला भेट. घरी आला की पडून ऱ्हातो. इचारलं तर हं का चूं. हे उडवलं तवा हसला बगा. लहानपणी हसायचा तसा. फुडल्या दसऱ्याला येयलाय. तवर हे उडाया पायजे.’

‘उडलं म्हणजे काय होईल?’

‘ऱ्हाईल की चार रोज माज्यापशी.’

मी हो म्हणालो. का म्हणालो ते आजही सांगता येत नाही. मला रेडिओ येत होता, उडणं येत नव्हतं.

हे यंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. पोटात एक छोटं इंजिन. त्याचं इंधन म्हणजे मिथाइल स्पिरिट आणि त्यात एरंडेल. एरंडेल आपलं साधं, घाण्याचं, पण कपड्यातून चारदा गाळून घ्यावं लागे. स्पिरिट नांदेडच्या पॉलिशवाल्याकडून आणायचो आणि कुलपात ठेवायचो, कारण बाटली बघितली की स्टेशनवरचे दोन-तीन दर्दी ‘पिता येतं का?’ म्हणून विचारायचे. पिता येत नाही, जीव जातो, असं खडूनं बाटलीवर लिहून ठेवलं होतं. इंजिनाच्या माथ्यावर एक तार असते, तिला जाड सेलनं लाल करायचं, फिरकी द्यायची, की इंजिन फटफटायला लागतं आणि सगळ्या दुकानाला एरंडेलाचा वास सुटतो.

वाकलेला मुख्य शाफ्ट लोकोशेडमधल्या लेथ चालवणाऱ्या एका ओळखीच्या खरादीनं नवा करून दिला. शाफ्ट सरळ आहे का ते काचेवर लोळवून बघायचं. कुठं उजेड दिसला तर वाकडा. पात्यांसाठी गावातल्या सुतारानं शिवणीचं हलकं लाकूड निवडलं. दोन्ही पाती एका वजनाची हवीत, म्हणून मी ती सोनाराकडे नेली. काट्यावर एक पारडं जरा खाली गेलं, तर सोनार म्हणाला, ‘ह्यात गुंजेचा फरक आहे.’ तेवढ्यानंही यंत्र थरथरून खिळखिळं होतं. हलक्या पात्याला कागदाची चिकटपट्टी लावत लावत काटा बरोबर आणला. सोनारानं माझ्याकडून तोलणावळ घेतली नाही. त्यालाही ते उडताना बघायचं होतं.

मग उडवायला शिकणं आलं. खाली बांबूच्या दोन कामट्या फुलीसारख्या बांधायच्या, टोकांना रबरी चेंडू, म्हणजे पडलं तरी कलंडत नाही. रेल्वेच्या मैदानावर मी बरेच महिने नुसता वीतभर वर आणि खाली करत होतो. हेलिकॉप्टर पुढं नेणं सोपं असतं, एका जागी उभं ठेवणं अवघड. दोन्ही अंगठे सतत हलत ठेवावे लागतात. जरा विसावले की ते निघालंच कुठंतरी. आणि त्याची पाठ आपल्याकडे असते तोवर सगळं नीट चालतं. तोंड आपल्याकडे केलं की डावं उजवं होतं, उजवं डावं होतं आणि हात चुकतोच. एकदा बघायला आलेल्या मावशीला मी हे समजावलं. ती म्हणाली, ‘दिगूचं बी तसंच हाय.’

दसऱ्याच्या थोडं आधी दिगू आला. शांत मुलगा, केस मागं वळवलेले, हाताची नखं काळी. आमच्या धंद्यात नखं बघून माणूस ओळखतात. हेलिकॉप्टर मी आधीच मावशीकडे पोचवलं होतं. ठरलं असं की दसऱ्याला दुपारी पिंगळीच्या माळावर उडवायचं.

आता ऐका, काय झालं ते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा असते. मावशीनं नांगर, कुऱ्हाड, विळे, खुरपी मांडली आणि त्यांच्या ओळीत हेलिकॉप्टरही. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू आणि सगळ्यांना लाल-पिवळा दोरा. आमच्या घरी ही पूजा बंद होऊन जमाना झालेला, त्यामुळे माझ्या डोक्यातच ते आलं नाही. माळावर गेल्यावर फुलं दिसली ती काढली. पात्यांवरचं कुंकू दिसलं ते पुसलं. दोरा शेपटीच्या खालच्या अंगाला होता, तो दिसला नाही.

इंजिन लागलं. दिगूनं अलगद उचललं. कमरेला आलं, छातीला आलं, डोक्याच्या वर गेलं.  मावशी आपल्या मुलाकडे बघत होती, यंत्राकडे नव्हे. तेवढ्यात दोऱ्याचं टोक शेपटीच्या लहान पंख्यात गुंतलं आणि पंखा थांबला. शेपटीचा पंखा थांबला की वरची पाती खालच्या धडालाच उलटं फिरवतात. हेलिकॉप्टर गरगरा फिरलं आणि आडवं होऊन दगडात पडलं. माझी सोनाराच्या काट्यावर तोललेली पाती डोळ्यांदेखत तुकडे होऊन उडाली.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, ‘म्हणलो नव्हतो का, तिकडं कशाला दिलं म्हून. ह्यानंच कायतरी ढिलं सोडलं असंल.’

‘तिकडं’ या शब्दाचा अर्थ तिथं सगळ्यांना कळत होता. मला तर जास्तच कळत होता. मी खाली वाकून तुकडे वेचायला लागलो, कारण वर बघून उपयोग नव्हता.

सोजरमावशी पुढं आली. तिनं शेपूट उचलून बघितली आणि दोरा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. ‘दोरा म्या बांधला,’ ती म्हणाली. ‘ह्याच्यात रतनचा काय दोष न्हाई. अन् ह्याच्या कामाला कुणी नाव ठेवायचं न्हाई.’ त्या दिवसापर्यंत ती मला ‘भाऊ’ म्हणत होती, रतन हे नाव तिनं पहिल्यांदा तिथं घेतलं. त्या वर्षांत, त्या माळावर, भरल्या गर्दीत एका बाईनं एवढं बोलणं ही लहान गोष्ट नव्हती.

दिगू गुडघ्यावर बसला, पंख्यातला दोरा उलगडला आणि हसायला लागला. ‘आई, पूजा लय जोरात लागली बग.’ मग मला म्हणाला, ‘दादा, उद्यापासून येतो दुकानात. जोडूच हे.’

आणि खरंच आला. सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळच्या पॅसेंजरनं मायलेक दोघं यायचे. दिगू माझ्या समोर बसून कानस चालवायचा. मावशी स्टुलावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायची. दुपारी तिघं एकाच फडक्यावरच्या भाकरी खायचो, सोबत जवसाची चटणी. पिंगळीत त्यावरून कुजबुज झाली असणार. मावशीनं मला कधी कळू दिलं नाही.

कामात हात गुंतले की माणसाचं तोंड सुटतं. दिगू बोलायला लागला. तिकडची वाळू, खोलीत दाटीवाटीनं झोपणारी माणसं, एकाच तव्यावरून होणारी भांडणं. एकदा म्हणाला, ‘सुट्टीच्या दिवशी आमी एकमेकाला गावाकडल्या गाड्यांचे टाइम सांगत बसतो. मी म्हणतो, आता पिंगळीला पॅसेंजर आली असंल. समोरचा म्हणतो, आमच्याकडं आता शाळा सुटली असंल. येड्यावानी घड्याळ बघत बसतो.’ मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला वाटत होतं, गावाची आठवण फक्त गावात राहणाऱ्याला येते.

काम पुरं व्हायच्या आत सुट्टी संपली. दिगूला गाडीत बसवून मावशी स्टेशनवरून सरळ माझ्याकडे आली.

‘रतन, एक काम कर. ते पुरं करू नको.’

‘म्हणजे?’

‘कायतरी ठेव त्याच्यासाठी. आला की करत बसंल. तुज्यापशी बसंल, म्हंजी माज्यापशी बसंल.’

दुरुस्तीवाल्याला हे सांगणं म्हणजे हलवायाला कच्चा पाक काढ म्हणून सांगणं. मी म्हणालो, ‘मावशी, माझं नाव खराब होईल.’

‘कुणाजवळ होईल? अख्ख्या जिल्ह्यात हे एकच हाय.’

 मी सगळं काम चोख केलं, नवी पाती तोलून बसवली, आणि फक्त एक स्क्रू ढिला ठेवला. शेपटीच्या पंख्याची पाती कमी-जास्त तिरपी करणारी एक बारीक दांडी असते, तिच्या मुळाशी हा स्क्रू. तो ढिला असला की इंजिन लावताच शेपूट डुलते. ते जमिनीवरच दिसतं, म्हणजे उडवून मोडायची भीती नाही. पण शेपूट डुलायला दहा कारणं असू शकतात. शोधणारा आधी दुसरीकडेच शोधतो.

दिगू पुढच्या खेपेला आला तो एक नवीन चीज घेऊन. काड्यापेटीएवढ्या डबीत फिरणारं चाक, त्याला जायरो म्हणतात. वाऱ्यानं शेपूट वळायला लागली की ही डबी आपसूक सावरते. आम्ही तो बसवला. शेपूट डुलतच होती. मग पितळी बुश काढून हैदराबादहून मागवलेल्या बेअरिंगा घातल्या. वरची आडवी दांडी बदलली. शेपूट डुलत होती. या डुलणाऱ्या शेपटीपायी ते हेलिकॉप्टर वर्षागणिक सुधारत गेलं. दर सुट्टीच्या शेवटी मी ‘अरे, हा बघ’ म्हणत भलत्याच भागावर बोट ठेवायचो आणि तो स्क्रू गुपचूप आवळायचो. दिगू एकदा उडवायचा, मावशी त्याच्याकडे बघायची, आणि तो गेल्यावर मी पुन्हा पेचकस हातात घ्यायचो. माझ्या धंद्यातली सगळ्यात सुखाची वर्षं ती. दसरा जवळ आला की मीच पॅसेंजरच्या शिट्टीकडे कान लावून बसायचो.

मग आखातात लढाई पेटली. त्या दिवसांत माझ्याकडे रेडिओंचा नुसता ढीग लागला. ज्यांचं कुणी तिकडं नव्हतं त्यांनाही बातम्या हव्या होत्या. मावशी सकाळीच येऊन बसायची. शेंगा आणायची नाही. बातम्या लागल्या की मी आवाज वाढवायचो, आणि संपल्या की ती विचारायची, ‘पिंगळीचं काय सांगितलं का?’ आपल्या माणसाची बातमी आपल्या गावाच्या नावानं येईल असं तिला वाटायचं. मी म्हणायचो, ‘न्हाई मावशी, अजून न्हाई.’ 

दिगू आला. इतरांबरोबर कुठल्या कुठल्या वाटेनं फिरून, हातात एक पिशवी घेऊन. मावशी मला म्हणाली, ‘आला. आता कुठं जातोय?’ तिच्या अंगात दहा वर्षांनी लहान बाई शिरल्यासारखी ती त्या दिवसांत गावभर फिरत होती.

पण दिगूचं बस्तान बसेना. शेत धाकट्या भावानं धरलेलं, त्यात याला हात घालायला जागा नव्हती. लोक भेटले की ‘काय आणलं?’ विचारायचे. तो रोज माझ्या दुकानात यायचा, हेलिकॉप्टर पुढं घ्यायचा, पण दोष शोधायचा नाही. एका बोटानं वरची पाती फिरवत राहायचा. गाडी आली की बाहेर बघायचा. असे पुष्कळ महिने गेले. उन्हाळा आला.

एक दिवस मावशी एकटीच आली. स्टुलावर बसली नाही, उभीच राहिली.

‘रतन, ते पुरं करून टाक आता.’

‘मावशी, मग तो जाईल.’

‘म्हायीत हाय मला.’ तिनं पदराचं टोक दातात धरलं आणि सोडलं. ‘जेवताना घास हातातच ऱ्हातोय त्याचा. मी समोर बसलेली असते, पर त्याला दिसत न्हाई. मला न्हाई बघवत. पुरं कर. उडू दे.’

मी तिच्यासमोर तो स्क्रू आवळला.  संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर दिगूच्या हातात रिमोट दिला आणि म्हणालो, सापडला दोष. त्यानं उचललं. शेपूट हलली नाही. इतक्या वर्षांच्या बेअरिंगा, जायरो, तोललेली पाती, सगळं एकदम एका सुरात बोलायला लागलं. त्यानं मैदानाला एक फेरा घातला, मग ते सावकाश आमच्याकडे वळवलं. तोंड आमच्याकडे केलं आणि मावशीपासून चार पावलांवर, तिच्या नजरेच्या उंचीला, उभं धरलं. असं तोंड समोर करून एका जागी धरणं मला कधी जमलं नव्हतं. तिचा पदर फडफडत होता. ती हलली नाही.

‘एरंडेलाचा वास येयलाय,’ ती म्हणाली. ‘नाक दाबून पाजायची मी त्याला.’

पावसाळा लागायच्या आत दिगू दुसऱ्या देशात नव्या नोकरीवर गेला. गाडी सुटल्यावर मावशी दुकानात आली, स्टुलावर बसली. मी चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, ‘तू ढिला ठेवत होतास तो स्क्रू मला नीट दाखव.’

मी दाखवला. एक लहान पेचकस तिच्या हातात दिला, कुठल्या बाजूला फिरवायचा, किती फिरवायचा ते सांगितलं. तिनं दोनदा करून बघितलं. मग पेचकस सुपारीच्या चंचीत टाकला, चंची कमरेला खोचली आणि हेलिकॉप्टर दुरडीत घालून पिंगळीला घेऊन गेली.

पुढच्या सुट्टीत दिगू दुरडी घेऊन दुकानात हजर, मागोमाग मावशी. ‘दादा, शेपूट डुलायलीय. गेलो तवा तर नीट होती.’ मी मावशीकडे बघितलं. ती शेंगा फोडत होती. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, ‘हं. बघावं लागेल. दिवस लागतील.’ तिनं मान वर केली नाही, पण एक सोललेला दाणा माझ्या पुढ्यात ठेवला.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हिवाळ्यात सोजरमावशी गेली. आमच्या वस्तीत पेढे वाटले जात होते. मी तिच्यासाठी एक पुडी बांधून ठेवली होती. रथसप्तमीच्या आत दिगू येणार म्हणून ती पूर्णेला तीळगुळाचं सामान घ्यायला येईल, असा माझा हिशेब. आली ती निरोप घेऊन आलेली पिंगळीची माणसं. रात्रीतून गेली, म्हणाले, काही कळलंच नाही. दिगूला पोचायला उशीर झाला.

तेरवी झाल्यावर तो दुकानात आला. डोकं भादरलेलं, हातात तीच दुरडी. हेलिकॉप्टर त्यानं फळीवर ठेवलं आणि शेपूट बोटानं हलवून दाखवली.

‘ढिली हाय, दादा.’ मग खिशातून चंची काढली, उघडली. सुपारीच्या तुकड्यांत माझा पेचकस होता. ‘आईच्या चंचीत हे सापडलं. कशाला ठेवला असंल तिनं?’

मी त्याला सगळं सांगितलं. पहिल्या दसऱ्यापासून. सांगताना मी रडलो हे लिहायला मला आज लाज वाटत नाही. तिची मला अजून आठवण येते. पॅसेंजर थांबली की अजून वाटतं, दुरडी येईल.

दिगू तिच्या स्टुलावर बसून राहिला. दुपार झाली, गाडी गेली, तो उठला नाही. शेवटी त्यानं पेचकस घेतला, स्क्रूवर टेकवला. मला वाटलं, आवळतोय. त्यानं पेचकस न फिरवताच परत चंचीत घातला आणि चंची माझ्या हातात दिली.

‘तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या दादा, दोन्ही.’

आता त्या दुकानात माझा मुलगा मोबाइल विकतो, आणि मी मागच्या फळीखाली बसून पेपर वाचतो. हेलिकॉप्टर वर, धोतरात गुंडाळलेलं आहे. दिगूचे केस पांढरे झालेत. तो नोकरीवर होता तोवर सुट्टीला आला की गाडीतून उतरून आधी माझ्याकडे यायचा, आणि आता कायमचा पिंगळीला आलाय तरी आठवड्यातून एकदा पॅसेंजरनं येतो. दारातूनच विचारतो, ‘दादा, काय काम निघालंय का?’

‘निघालंय,’ मी म्हणतो, आणि स्टूल पुढं सरकवतो.